शेवटच्या कडव्यातले नाव : लोककवी वामनदादा कर्डक

एप्रिल उजाडला की अँटॉप हिलच्या वस्त्यांमध्ये भीमगीतांचा आवाज सकाळपासून सुरू होतो. संगमनगर, कोकरी आगार, विजयनगर, सेक्टर सातची सरकारी वसाहत, कुठेही जा, एखाद्या घरातून नाहीतर मंडळाच्या स्पीकरवरून प्रल्हाद शिंदे यांचा तो भारदस्त, थोडा खरखरीत, वरच्या पट्टीत सहज चढणारा आवाज ऐकू येतोच. आता गाणी मोबाइलवरून वाजतात. त्यातली कितीतरी मात्र आधी कॅसेटवर होती. एका नामवंत गायकाने गायलेल्या निवडक गाण्यांची ती कॅसेट असे. अनेक घरांत टीव्हीच्या कपाटाखाली अशा कॅसेट अजून जपून ठेवलेल्या आहेत, वाजवायला टेपरेकॉर्डर उरला नाही तरीसुद्धा.

हे गाणे कोणाचे, असे आम्ही वस्तीतल्या मुलांना विचारतो तेव्हा उत्तर ठरलेले असते : प्रल्हाद शिंदेंचे, किंवा आनंद-मिलिंद शिंदेंचे. आवाजाच्या बाबतीत ते खरेही आहे. पण गाणे लिहिले कोणी, त्याची चाल कोणाच्या ओठांवर पहिल्यांदा आली, हे विचारले की मुले गप्प होतात. आंबेडकरी चळवळीला हजारो गाणी देणारा माणूस वामनदादा कर्डक. 15 मे 2004 रोजी ते गेले. त्यानंतर जन्मलेली मुले आता मतदान करू लागली आहेत. या पिढीला वामनदादांची गाणी पाठ आहेत, वामनदादा माहीत नाहीत. म्हणून त्यांचे आयुष्य आम्ही इथे सलग सांगतो आहोत.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. आईचे नाव सईबाई. महार कुटुंब आणि कष्टाचे घर. वडिलांचे छत्र लवकर हरपले. गुरे राखणे, लाकूडफाटा गोळा करणे, मिळेल ती मजुरी करणे, असे त्यांचे बालपण गेले. शाळा नावाची गोष्ट त्यांच्या वाट्याला आलीच नाही. पण गावात तमाशा होता, भजन होते, जात्यावरच्या ओव्या होत्या. कानावर पडेल ते साठवून ठेवायची सवय तिथेच लागली.

त्या काळातला नाशिक जिल्हा आंबेडकरी इतिहासात मोठा आहे. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा वामनदादा सात वर्षांचे होते. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. याच जिल्ह्यातून भीमराव कर्डक यांचा आंबेडकरी जलसा उभा राहिला आणि गावोगावी फिरला. भाषण न समजणाऱ्या माणसाला गाणे समजते, हे या जलशांनी दाखवून दिले होते. वामनदादा पुढे ज्या वाटेने चालले, ती अशी आधीच पडलेली होती.

पोट भरण्यासाठी ते मुंबईला आले आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत राहू लागले. आमच्या वाचकांपैकी जे अँटॉप हिलला राहतात त्यांच्यासाठी हे ठिकाण अगदी शेजारचे आहे. हार्बर लाइनवर गुरु तेग बहादूर नगरहून वडाळा रोड आणि मग शिवडी, दोनच स्टेशने. ब्रिटिश सरकारच्या मुंबई विकास विभागाने 1920 च्या दशकात कामगारांसाठी या चाळी बांधल्या. एकेक खोली साधारण 160 चौरस फुटांची, मजल्यावर सार्वजनिक संडास. त्या खोल्यांमध्ये गावाकडून आलेली माणसे दाटीवाटीने राहत. नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी, या चारही ठिकाणच्या चाळी आंबेडकरी चळवळीच्या छावण्याच होत्या. आज बाकीच्या ठिकाणी पुनर्विकास सुरू झाला आहे. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने तिथला प्रश्न वेगळा अडकला.

मुंबईत वामनदादांनी काय केले नाही? गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत काम केले, माती वाहिली, चिक्की विकली, आइसफ्रूट विकले, टाटा ऑइल मिलमध्ये नोकरी केली. पुढे त्यांनी एक गाणे लिहिले. देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे घेऊन, संपत्तीच्या या ढिगात कष्टकऱ्याचा हिस्सा किती, असा हिशेब ते गाणे विचारते. ते आजही मोर्चात गायले जाते. गाताना एवढे लक्षात ठेवावे की तो हिशेब विचारणारा माणूस स्वतः त्या कारखान्यांच्या फाटकातून आत-बाहेर करत होता. त्याने तो प्रश्न पुस्तकातून उचललेला नव्हता.

चाळीतच ते समता सैनिक दलाशी जोडले गेले. पिळदार शरीर, व्यायामाची आवड, लेझीमवर पकड. दलाच्या मुलांना ते लेझीम आणि कवायत शिकवू लागले. आणि तिथेच ती घटना घडली, जिने त्यांचे आयुष्य फिरवले. कोणीतरी एक पत्र त्यांच्या हातात दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. वामनदादांना अक्षर ओळखता येत नव्हते. इतरांना शिकवणारा आपण, आणि कागद उलटा की सुलटा हेही कळत नाही, ही गोष्ट त्यांना फार लागली. ते रडले. मग चाळीतल्या देहलवी नावाच्या मास्तरांकडे जाऊन बाराखडी गिरवू लागले. जोडाक्षरे त्यांनी रस्त्यावर शिकली. दुकानांच्या पाट्या वाचत ते फिरायचे, अडले की विचारायचे, पुन्हा वाचायचे. तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास होते.

वस्तीत प्रौढ साक्षरतेचे काम करताना आम्ही ही गोष्ट हमखास सांगतो. रेशनच्या अर्जावर अंगठा देताना मान खाली घालणाऱ्या बायकांना ती ऐकून काय वाटते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. पाट्या वाचत शिकलेला माणूस पुढे कवी झाला, त्याची पुस्तके छापली गेली, साहित्य संमेलनाचा तो अध्यक्ष झाला. विशीत पाटी हातात घेणे ही लाजेची गोष्ट नाही, हे पटवायला आम्हाला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

अक्षर आले तसे वाचन वाढले. सिनेमाचेही वेड होते. नट व्हायचे मनात होते, म्हणून ते स्टुडिओंचे उंबरठे झिजवत राहिले आणि एक्स्ट्रा म्हणून गर्दीत उभे राहिले. पडद्यावर नाव झाले नाही, पण सिनेमाच्या चाली कानात पक्क्या बसल्या. 3 मे 1943 रोजी त्यांनी पहिले गाणे लिहिले. ते एका हिंदी गाण्याचे विडंबन होते. ऐकणारे हसले, त्यांनी दाद दिली, आणि आपल्याला हे जमते एवढे वामनदादांना कळले. तेव्हा त्यांना एकविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

विडंबनातून सुरू झालेला हा माणूस बाबासाहेबांच्या सभा ऐकून बदलला. हसवण्यापुरते गाणे आता पुरेसे वाटेना. त्यांनी पोवाडा, लावणीचा ठेका, ओवी, कव्वाली, गझल, जे जे कानावर आले ते घेतले आणि त्यात बाबासाहेबांचा विचार भरला. शब्द तेच लिहीत, चालही बहुतेक तेच बांधत आणि पहिल्यांदा गातही तेच. चाल अशी हवी की दुसऱ्यांदा म्हणताना समोरचा जमाव ध्रुवपद उचलेल. ढोलकी, पेटी, झांज आणि मागे चार कोरसवाले, एवढ्यावर हजारोंची सभा जागी ठेवायची होती. म्हणून त्यांच्या गाण्यात अवघड शब्द कमी आणि रोजच्या घरातल्या वस्तू जास्त आहेत.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अवघ्या काही आठवड्यांत, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. समाजाने जुने देव घरातून काढले होते. पण घरात गाणे तर लागतेच. बारसे, लग्न, पुण्यानुमोदन, जयंती, वर्षावास, या प्रत्येक प्रसंगी आधी काहीतरी म्हटले जात होते. आरती गेली, भजन गेले, त्या जागी काय? नव्या धम्मात आलेल्या लाखो निरक्षर माणसांना त्रिशरण-पंचशील पाठ करायचे होते, पण त्याचा अर्थ त्यांच्या बोलीत कोणी सांगायचा? ही मोकळी जागा वामनदादा आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी भरली. बुद्ध, बाबासाहेब, रमाई यांना त्यांनी चुलीजवळ आणून बसवले. आमच्या आज्यांना धम्म कळला तो बऱ्याच अंशी या गाण्यांतून.

त्यांनी फक्त गौरवगीते लिहिली असे समजणे चूक ठरेल. 3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि पुढच्या काही वर्षांतच तो फुटू लागला. ते वामनदादांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. बाबासाहेबांच्या विचारांची मोजकी माणसे जरी खरी निघाली असती तर आज ही गत नसती, असा सल त्यांच्या एका गाजलेल्या गाण्यात आहे. नेते मंचावर बसलेले असताना ते गाणे समोर उभे राहून गायचे, याला धैर्य लागते. आज हेच गाणे नेत्यांच्या स्वागताला वाजवले जाते, तेव्हा वाजवणाऱ्यांनी शब्द नीट ऐकलेले नसतात एवढेच म्हणावे लागेल.

त्यांच्या आयुष्याची पुढची अनेक दशके प्रवासात गेली. एसटी, बैलगाडी, पायी, जसे जमेल तसे. रात्रभर कार्यक्रम, सकाळी कार्यकर्त्याच्या घरी भाकरी, दुपारी पुढचे गाव. नव्या गायकांना ते गाणी लिहून देत. समोर बसलेल्या पोराचा गळा कसा आहे ते पाहून त्याला शोभेल असे गाणे देत. अनेक शाहीर आणि गायक त्यांना गुरू मानत आले. 1959 मध्ये आलेल्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या मराठी चित्रपटातही त्यांचे गाणे होते, पण सिनेमात ते रमले नाहीत. कार्यक्रमाचे पाकीट जेमतेम, घरची ओढाताण कायमची. पत्नी शांताबाईंनी या फिरस्तीचा भार घरी राहून पेलला. चळवळीच्या इतिहासात अशा बायकांच्या नावाला एक ओळही मिळत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

आता पुन्हा त्या कॅसेटकडे येऊ. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म 1933 चा, मंगळवेढ्याचा. आईवडिलांबरोबर कीर्तन-भजनात गात गात त्यांचा गळा तयार झाला. पुढे कव्वालीचे मुकाबले त्यांनी गाजवले. विठ्ठलाची भक्तिगीते त्यांच्या आवाजात महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली, आणि त्याच गळ्याने भीमगीते गायली. विठ्ठल उमप यांच्यासारख्या दुसऱ्या मोठ्या गायकांप्रमाणे त्यांनीही वामनदादांच्या शब्दांना आवाज दिला. वामनदादा गेले त्यानंतर दीड महिन्याच्या आत, 23 जून 2004 रोजी, प्रल्हाद शिंदेही गेले. एकाच उन्हाळ्याने शब्द आणि आवाज दोन्ही नेले.

गायकाचे मोठेपण आम्ही कमी करत नाही. तो आवाज नसता तर ही गाणी इतक्या घरांत गेली नसती. प्रश्न कॅसेटच्या धंद्याचा आहे. तबकडीच्या जमान्यात एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. 1980 च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, एका बाजूला अर्धा तास मिळू लागला आणि भीमगीतांचा बाजार उभा राहिला. बाजारात कव्हरवरचा फोटो विकला जातो. म्हणून गायकाचे नाव मोठे, कंपनीचे नाव मोठे आणि गीतकाराचे आत कुठेतरी बारीक अक्षरांत, कधी तेवढेही नाही. गाणे मात्र वेळेत बसवायला कापले जाई. सभेत सहा कडव्यांचे असलेले गाणे कॅसेटवर तीन-चार कडव्यांचे व्हायचे.

कात्री कुठे लागते यावर बरेच अवलंबून असते. वामनदादा आपल्या अनेक गाण्यांत शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतात. तुकोबांच्या अभंगात ‘तुका’ येतो, कबीराच्या दोह्यात ‘कबीर’ येतो, तसा त्यांच्या गाण्यात ‘वामन’ येतो. याला नाममुद्रा म्हणतात. ज्या समाजाच्या हातात छापखाना नव्हता, ज्याचा दस्तऐवज कोणी ठेवत नव्हते, त्या समाजाच्या कवीने आपली सही गाण्याच्या आतच करून ठेवली. कव्हर फाटले, कॅसेट घासली, कंपनी बंद पडली, तरी जो कोणी ते गाणे पूर्ण गाईल त्याच्या तोंडी कवीचे नाव येणारच. पण शेवटचे कडवे कापले की सही पुसली जाते.

आजचे संकट कॅसेटच्याही पुढचे आहे. रीलला तीस सेकंद पुरतात, डीजेला ध्रुवपद आणि ठेका पुरतो. शेवटचे कडवे कोणी ऐकतच नाही. त्यात भर म्हणून गाणे टाकणारा माणूस गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळा होतो. समाजशास्त्र शिकताना आम्ही मौखिक परंपरेवर पानेच्या पाने वाचली. तिथे मौखिक म्हणजे निनावी, सगळ्यांचे, असे धरून चालण्याची सवय असते. वामनदादांच्या गाण्यांना ‘लोकगीत’ म्हणणे वरवर गौरवाचे वाटते. प्रत्यक्षात त्या गाण्याला जन्मतारीख आहे, लेखक आहे, त्या लेखकाला शिवडीच्या चाळीचा पत्ता आहे. बहुजन कवीचे श्रम ‘लोकांचे’ म्हणून वाटून टाकायचे आणि इतरांच्या रचनेवर मात्र नाव ठळक ठेवायचे, यात जुनाच भेद नव्या शब्दांत येतो.

कायदा याबाबतीत कवीच्या बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत जिवंत आहे. याच कायद्याच्या कलम 57 प्रमाणे, हक्क कंपनीला विकला तरी ही रचना माझी आहे असे सांगण्याचा लेखकाचा अधिकार जात नाही, आणि त्याच्या मागे वारसही तो बजावू शकतात. 2012 च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा वाटा आणखी पक्का केला. ‘पारंपरिक’ लिहिणे ही म्हणून केवळ अज्ञानाची गोष्ट राहत नाही.

वामनदादांनी स्वतः कागदावर नाव उमटवायचा प्रयत्न केला होता. ‘वाटचाल’ हा संग्रह 1973 मध्ये आला, ‘मोहळ’ 1976 मध्ये आणि ‘हे गीत वामनाचे’ 1977 मध्ये. तिसऱ्या पुस्तकाचे नावच सांगते की गाणे कोणाचे आहे याची त्यांना किती जाणीव होती. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे आत्मकथन. 1993 मध्ये वर्ध्याला झालेल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. शाळेचा उंबरठा न चढलेल्या माणसाला लेखकांनी आपल्या अग्रभागी बसवले, ही आंबेडकरी साहित्याने स्वतःचीच केलेली ओळख होती. 2004 मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले. 2022 मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली.

मंडळांना आणि तरुण कार्यकर्त्यांना आमचे म्हणणे साधे आहे. घरात जुनी कॅसेट असेल तर ती भंगारात देऊ नका. चालणारा टेपरेकॉर्डर शोधा, ती डिजिटल करून घ्या, कव्हरच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि गीतकार, गायक, संगीतकार, कंपनी, वर्ष, जे सापडेल ते वहीत लिहा. कॅसेटवरचे गाणे वामनदादांच्या संग्रहाशी ताडून पाहा, कोणती कडवी गळाली ते नोंदवा. वस्तीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांना समोर बसून ऐकले आहे, त्यांच्याकडून पूर्ण गाणे म्हणवून घ्या, कारण कॅसेटवर नसलेली कडवी त्यांच्या तोंडी असू शकतात. जयंतीच्या मंचावर गाणे सुरू होण्यापूर्वी निवेदकाने गीतकाराचे नाव घ्यावे. रील टाकताना नाव लिहावे. स्पर्धेत गाणे पूर्ण गाण्याचा नियम करावा.

हे काम मोठ्या निधीचे नाही. एक वही, एक मोबाइल आणि रविवारचे दोन तास एवढ्यात ते सुरू होते. ज्याने विशीत दुकानांच्या पाट्या वाचून अक्षर कमावले, त्याचे नाव वाचायला आणि लिहायला आपल्याला एवढे जमायला हवे. पुढच्या वेळी गाणे लागले की ते मध्येच बदलू नका. शेवटचे कडवे येऊ द्या.

जय भीम. नमो बुद्धाय.